माहिती आयोगाचा आदेश पाळला नाही तर 'अवमान' होतो का?

बारनिशी :
माहिती अधिकाराच्या गटांवर एक तयार मसुदा हातोहात फिरतो आहे. मथळा 'माहिती आयोगाच्या आदेशाचा अवमान – कायदेशीर नोटीस'. खाली न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ ची दोन-चार कलमं, सहा महिने कैदेची धमकी आणि शेवटी जन माहिती अधिकाऱ्याचं नाव भरायला रिकामी जागा.

प्रश्न साधा आहे. दुसऱ्या अपिलात (पहिलं कार्यालयातल्याच वरिष्ठाकडे, दुसरं आयोगाकडे) आयोगाने '१५ दिवसांत माहिती द्या' असं सांगितलं आणि कार्यालयाने तो आदेश नस्तीला लावून ठेवला. हा अवमान आहे का? असेल तर अर्ज कुठे करायचा? नसेल तर मग काय करायचं? जाणकारांनी कलमांसह लिहावं. 'कोर्टात खेचा' एवढंच लिहायचं असेल तर त्यासाठी गट आहेतच.

कलमदान :
अवमानाची शिक्षा देण्याचा अधिकार आयोगाला नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या ३१ कलमांत तो कुठेही दिलेला नाही. 'न्यायालयाचा अवमान' हे शब्द दिसतात ते कलम ८(१)(ब) मध्ये, आणि तिथे ते माहिती नाकारण्याचं कारण म्हणून आलेत.

संसदेला हा अधिकार द्यायचा असतो तेव्हा ती तो स्पष्ट शब्दांत लिहून देते. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ चं कलम १७ पाहा. आपल्या मॅटला, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाला, अवमानाच्या बाबतीत उच्च न्यायालयासारखे अधिकार तिथूनच मिळतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये टी. सुधाकर प्रसाद प्रकरणात ते कायम ठेवले. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ४२५ मध्ये कंपनी विधी न्यायाधिकरणाला तसाच अधिकार आहे. ग्राहक आयोगांची रचना वेगळी. तिथे 'अवमान' नाही, पण ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ७१ ने आदेशाची दिवाणी हुकूमनाम्यासारखी (डिक्रीसारखी) अंमलबजावणी होते आणि कलम ७२ ने एक महिना ते तीन वर्षं कैद होऊ शकते.

माहिती आयोगाला यातलं काहीच दिलेलं नाही. कलम १९(७) म्हणतं की आयोगाचा निर्णय बंधनकारक राहील. बंधन मोडल्यास पुढे काय, यावर कायदा गप्प आहे.

वऱ्हाडी_ठेचा :
थांबा राव. १८(३) मध्ये 'दिवाणी न्यायालयाचे अधिकार' असं चक्क लिहिलं आहे. दिवाणी न्यायालयाचा हुकूम मोडला की कारवाई होतेच ना?

कलमदान :
हा युक्तिवाद सुनावणीत नेहमी होतो आणि नेहमी पडतो. १८(३) शेवटपर्यंत वाचा. दिवाणी प्रक्रिया संहितेतले अधिकार तिथे 'पुढील बाबींसाठी' म्हणून मोजून दिले आहेत : व्यक्तींना समन्स काढून हजर करणं, शपथेवर पुरावा आणि कागदपत्रं घेणं, कागदपत्रांचा शोध आणि तपासणी, शपथपत्रावर पुरावा, कोणत्याही न्यायालयातून किंवा कार्यालयातून अभिलेख मागवणं, साक्षीदार किंवा कागदपत्रं तपासण्यासाठी समन्स. हे सगळे चौकशी चालवण्याचे अधिकार आहेत. हुकूमनाम्याची अंमलबजावणी करणारा आदेश २१ त्यात नाही. मनाई हुकूम मोडल्यावर लागू होणारा आदेश ३९ नियम २-अ सुद्धा नाही.

दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. १८(३) ची सुरुवात 'या कलमाखालील कोणत्याही बाबीची चौकशी करताना' अशी आहे. म्हणजे शब्दशः हे अधिकार कलम १८ च्या तक्रारीसाठी आहेत, कलम १९ च्या अपिलासाठी नाहीत. म्हणून ज्यांना अधिकाऱ्याला समन्स काढायला लावायचं आहे त्यांनी अपिलाबरोबर १८(१) ची स्वतंत्र तक्रारही द्यावी. अपिलातल्या प्रार्थनेत एक ओळ घुसवून भागत नाही.

हजर राहण्यापुरते दात मात्र खरे आहेत. समन्स बजावूनही अधिकारी आला नाही तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२ प्रमाणे वॉरंट, मालमत्तेची जप्ती आणि ५,००० रुपयांपर्यंत दंड, हे मार्ग आहेत. मध्य प्रदेशच्या राज्य माहिती आयोगाने जामीनपात्र वॉरंट काढलेली आहेत. पण ते वॉरंट 'सुनावणीला आला नाहीस' यासाठी असतं, 'माहिती दिली नाहीस' यासाठी नसतं. अधिकारी आला, हात जोडून 'शोध चालू आहे' म्हणाला, की वॉरंटचं काम संपलं.

उलटतपासणी :
दुसरी बाजू मांडतो. आयोग स्वतः शिक्षा देऊ शकत नाही हे मान्य. पण १९७१ च्या अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे उच्च न्यायालय आपल्या अधीन असलेल्या न्यायालयांच्या अवमानाबद्दल शिक्षा देऊ शकतं. आयोगाचे निर्णय उच्च न्यायालयात तपासले जातात, कलम १९(७) ने ते बंधनकारक आहेत, कलम २३ ने इतर न्यायालयांचे दरवाजे बंद आहेत. मग आयोग 'अधीन न्यायालय' का नाही?

कलमदान :
चांगला मुद्दा. अडचण 'न्यायालय' या शब्दापाशी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये ब्रजनंदन सिन्हा प्रकरणात कसोटी घालून दिली : अंतिम आणि अधिकारवाणीचा न्यायनिर्णय देण्याची शक्ती असेल तरच ते अवमानाच्या कायद्याखाली न्यायालय. त्या प्रकरणात लोकसेवकांची चौकशी करणारा आयुक्त या कसोटीला उतरला नाही, त्याच्याकडे समन्स-शपथेचे अधिकार असूनही.

आता माहिती आयोगाकडे या. नमित शर्मा प्रकरणात १३ सप्टेंबर २०१२ चा पहिला निकाल आयोगाला न्यायिक स्वरूप देणारा होता, न्यायिक सदस्य नेमा असं सांगणारा. ३ सप्टेंबर २०१३ ला पुनर्विलोकनात तो फिरला. आयोग दोन पक्षांमधला वाद निवाडत नाही, माहिती द्यायची की नाही एवढंच ठरवतो, त्याचं काम प्रशासकीय स्वरूपाचं आहे, फक्त ते न्याय्य रीतीने व्हायला हवं, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. त्या वेळी चर्चा झाली ती निवृत्त न्यायाधीशांच्या नेमणुका टळल्या एवढ्याचीच. अवमानाच्या वाटेवरही त्याच निकालाने मोठी धोंड बसली, हे फार कुणी बोललं नाही.

कर्नाटकातही हा प्रयत्न झाला आहे. राज्य माहिती आयोगाच्या आदेशाबद्दल २००८ ची अवमान याचिका तिथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने टिकण्याजोगी मानली नाही. कारण असं दिलं की आयोगाकडे स्वतःच्या कायद्यात कलम १८, १९, २० खाली पुरेसे अधिकार आहेत, ते वापरा.

मतपेटी :
आणि ज्याच्याकडे 'पुरेसे अधिकार' आहेत तो आयोग स्वतः काय म्हणतो तेही इथे नोंदवायला हवं.

३ जून २०१३ ला केंद्रीय माहिती आयोगाच्या पूर्ण पीठाने सहा राष्ट्रीय पक्षांना सार्वजनिक प्राधिकरण ठरवलं : काँग्रेस, भाजप, भाकप, माकप, राष्ट्रवादी आणि बसप. सहा आठवड्यांत माहिती अधिकारी आणि अपिलीय प्राधिकारी नेमा असा आदेश झाला. कुणीही नेमले नाहीत. कुणी उच्च न्यायालयातून स्थगितीही आणली नाही, त्यामुळे आदेश कागदावर पूर्णपणे जिवंत होता. तक्रारी झाल्या, नोटिसा गेल्या, आणि १६ मार्च २०१५ ला आयोगाने लिहून दिलं की पक्षांनी आदेश पाळलेला नाही हे खरं, पण तो पाळायला लावायची साधनं आपल्यापाशी नाहीत.

यात तांत्रिक मेख आहे. कलम २० ची शास्ती, म्हणजे दंड, होते ती माहिती अधिकाऱ्याला. पक्षांनी अधिकारीच नेमला नाही, मग शास्ती कुणाला करणार? ज्याने आदेशाचा पहिलाच भाग मोडला तो दुसऱ्या भागाच्या दंडातून आपोआप सुटला. मॅटसारखं कलम १७ हाती असतं तर नोटीस थेट पक्षाध्यक्षांच्या नावे काढता आली असती.

वऱ्हाडी_ठेचा :
म्हणजे कोर्ट म्हणतं तुझ्याकडे हत्यार आहे, आयोग म्हणतो माझ्याकडे नाही. अर्जदाराने कुणाकडे पाहायचं?

हिशेबनीस :
कलम २० कडे पाहून तरी फार आशा धरू नका. आकडेमोड करून पाहा.

अर्ज १ जानेवारीला बारनिशीत पडला. ३० दिवस ३१ जानेवारीला संपतात. १ फेब्रुवारीपासून रोज २५० रुपये. कमाल २५,००० म्हणजे बरोबर १०० दिवस. लीप वर्ष नसेल तर ११ मेला मीटर बंद. तोवर पहिल्या अपिलाचे ३० (सकारण ४५) दिवस जेमतेम उलटलेले असतात. दुसऱ्या अपिलाला ९० दिवसांची मुदत, मग आयोगाच्या खंडपीठापुढची रांग. आयोगाचा आदेश निघतो तेव्हा कमाल रक्कम कधीच भरून गेलेली असते. म्हणजे तो आदेश मोडल्याबद्दल अधिकाऱ्याला वरचा एक रुपयाही पडत नाही. एका अर्जावर एकूण शास्ती २५,००० च्या वर जाणार नाही असं कलमातच आहे.

अजून एक बारकावा. कलम २०(१) मधली कारणं मोजा : अर्ज घ्यायला नकार, मुदतीत माहिती न देणं, दुष्ट हेतूने नाकारणं, जाणूनबुजून चुकीची, अपुरी किंवा दिशाभूल करणारी माहिती, मागितलेली माहिती नष्ट करणं, माहिती देण्यात कोणत्याही प्रकारे अडथळा. 'आयोगाचा आदेश न पाळणे' हे कारण या यादीत नाही. ते 'अडथळा' या शेवटच्या कारणात बसवावं लागतं. म्हणून अर्जात 'आदेशाचा अवमान केला' असं लिहू नका. 'दि. अमुकच्या आदेशानंतरही मुद्दा क्र. २ व ४ ची माहिती रोखून कलम २०(१) अन्वये अडथळा आणला' असं लिहा.

आणि शास्ती शासनाच्या तिजोरीत जाते, अर्जदाराला छदाम मिळत नाही. अर्जदाराला मिळू शकते ती १९(८)(ब) ची भरपाई. ती सार्वजनिक प्राधिकरण देतं, तिला २५,००० ची मर्यादा नाही, पण 'हानी' दाखवावी लागते. मानसिक त्रास झाला एवढ्यावर सहसा भागत नाही. हेलपाटे, टपाल, झेरॉक्स, बुडालेला रोज, हुकलेली मुदत, असा पावत्यांसह तक्ता जोडा. दुसऱ्या अपिलाच्या जोडपत्र 'क' मध्येच ही मागणी नोंदवलेली असावी.

निशिगंधा :
हिशेबनीस काका, प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला शास्ती होते का? त्यांनी आदेशच काढला नाही तर?

हिशेबनीस :
नाही ताई. कलम २० मध्ये फक्त जन माहिती अधिकारी. ५(५) खाली ज्याची मदत मागितली होती तो 'मानीव' माहिती अधिकारी धरला जातो, म्हणून अभिलेख ज्याच्या टेबलावर आहे त्या लिपिकापर्यंतही शास्ती जाऊ शकते. वर मात्र जात नाही. अपिलीय अधिकाऱ्याबाबत आयोग फार तर कलम २५(५) खाली प्राधिकरणाला शिफारस करतो किंवा वरिष्ठांना कळवतो.

मंत्रालय_सातवा_मजला :
कलम २०(२) च्या शिस्तभंगाबद्दल. तिथे शब्द 'शिफारस करील' असा आहे. कारवाई करायची ती शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याने, महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ खाली. आयोगाला 'वेतनवाढ रोखा' असा थेट हुकूम देता येत नाही.

शिफारसही भक्कम हवी. नांदेडच्या राज्य उत्पादन शुल्क विभागातल्या माहिती अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २०१२ ला राज्य आयोगाची शिफारस रद्द केली. कलमातलं नेमकं कोणतं कारण लागू झालं, ते सातत्याने घडलं का, वाजवी कारण नव्हतं का, याचा स्पष्ट निष्कर्ष आदेशात नव्हता, आणि अधिकाऱ्याला पुरेशी संधीही मिळाली नव्हती. 'अधिकाऱ्याने माहिती दिली नाही, सबब कारवाई करावी' असा दोन ओळींचा आदेश अर्जदाराला गोड लागतो आणि वर गेल्यावर टिकत नाही. सुनावणीतच आयुक्तांना विनंती करा की निष्कर्ष तारखांसह नोंदवा.

शिफारस झाली की सहा महिन्यांनी त्याच विभागाला माहितीचा अर्ज टाकून तिच्यावरची टिप्पणी मागा. बऱ्याच शिफारशी आवक क्रमांक मिळाल्यावर तिथेच विसावतात.

बारनिशी :
छान. आता कामाचं बोलू. आदेश हातात आहे, १५ दिवस उलटले. पहिल्या दिवसापासून काय काय करायचं, कुणी क्रमाने लिहील का?

कलमदान :
सुरुवात आदेश हातात पडायच्या आधी होते, सुनावणीच्या दिवशी. पुढे कुठल्याही टप्प्यावर विचारलं जाणार ते एकच : नेमकं काय द्यायला सांगितलं होतं? 'अपिलार्थीस नियमानुसार माहिती द्यावी' असा आदेश मोडताच येत नाही, कारण तो काहीच सांगत नाही. आयुक्तांकडून चार गोष्टी नोंदवून घ्या : मुद्दा क्रमांक, माहितीचा प्रकार (प्रत, निरीक्षण की सीडी), किती दिवस आणि कोणत्या तारखेपासून, आणि सध्याच्या माहिती अधिकाऱ्याचं पदनाम. पाचवी गोष्ट मिळाली तर सोनं : 'अनुपालन अहवाल शपथपत्रासह आयोगास सादर करावा.' माहिती नंतर 'सापडली नाही' झाली तर हे शपथपत्रच कामाला येतं.

आदेश मिळाल्यावर जावक दिनांक पाहा. आदेशाची तारीख आणि जावक तारीख यांत कधी कधी महिन्याचं अंतर असतं, आणि मुदत बहुधा 'आदेश प्राप्त झाल्यापासून' असते. कार्यालय म्हणणार आदेश मिळालाच नाही. म्हणून स्वतः आदेशाची प्रत पत्रासोबत माहिती अधिकारी आणि कार्यालयप्रमुख या दोघांना द्या आणि पोच घ्या. पोच नाकारली तर स्पीड पोस्ट आणि वितरणाचा ऑनलाइन तपशील छापून ठेवा.

मुदत संपल्यावर त्याच खंडपीठाकडे अपील क्रमांक टाकून आदेशाचं अनुपालन न झाल्याचा अर्ज. सोबत तीन रकान्यांचा तक्ता : आदेशातला मुद्दा, काय मिळालं (पानं किती), काय बाकी. आयुक्त पन्नास प्रकरणांच्या दिवशी तुमचं चार पानी निवेदन वाचणार नाहीत, तक्ता वाचतील. मागणी दुहेरी ठेवा : १९(८)(अ) खाली पुढील निर्देश आणि कलम २० खाली कारणे दाखवा नोटीस.

काही खंडपीठं सांगतात, 'अपील निकाली निघालं, आता नवी तक्रार करा.' मग १८(१) ची तक्रार. पण इथे खड्डा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०११ च्या मणिपूर निकालात स्पष्ट केलं आहे की कलम १८ च्या तक्रारीत आयोग माहिती देण्याचा आदेश करू शकत नाही, शास्ती करू शकतो. माहिती हवी असेल तर मार्ग कलम १९. म्हणून अनुपालनाचा अर्ज जुन्या अपिलातच ठेवायचा आग्रह धरा आणि तक्रार वेगळी द्या. फक्त तक्रार करून बसलात तर हाती शास्तीचा आदेश पडेल आणि कागद तिथेच राहतील.

उलटतपासणी :
यात भर. आयोगाला स्वतःच्या आदेशाचं पुनर्विलोकन करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही. त्यामुळे अनुपालनाच्या अर्जात नवीन मुद्दा घालू नका. 'मूळ आदेश बदला' असा वास आला की कार्यालय तोच आक्षेप घेतं. आयोगाने स्वतःचे अधिकार नियमांतून वाढवायचा प्रयत्न केला होता, तोही टिकला नाही. केंद्रीय आयोगाचे २००७ चे व्यवस्थापन विनियम दिल्ली उच्च न्यायालयाने २१ मे २०१० ला दिल्ली विकास प्राधिकरणाच्या याचिकेत रद्द केले. कायद्याने जे दिलं नाही ते विनियमातून आणता येत नाही. कुणी उद्या 'आयोगाने स्वतःच अवमानाचे नियम करावेत' म्हणालं तर उत्तर तिथे आहे.

निशिगंधा :
आणि 'नस्ती गहाळ आहे' असं उत्तर आलं तर? हे तर सगळ्यात सोपं.

मंत्रालय_सातवा_मजला :
'गहाळ' हे माहिती नाकारण्याचं कारण कलम ८ किंवा ९ मध्ये नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ च्या विश्वास भांबुरकर प्रकरणात सांगितलं की जी माहिती कधी काळी अभिलेखावर होती ती सापडत नसेल तर कसून शोध घ्यावा, जबाबदारी निश्चित करावी आणि आयोग तशी चौकशी करायला लावू शकतो. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. त्याच्या कलम ९ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कार्यालयात हे कलम उच्चारलं की कपाटाच्या किल्ल्या लवकर सापडतात.

क्रम असा : आधी नस्तीचा मागोवा मागा (नोंदवही, शेवटची हालचाल, कोणाच्या ताब्यात, अभिलेख वर्गीकरण अ-ब-क-ड पैकी कोणतं, नष्ट केली असल्यास आदेश). मग शपथपत्र. मग नस्तीची पुनर्बांधणी. गुन्ह्याची मागणी शेवटी. उलट केलंत तर 'पोलीस तपास चालू' या सबबीखाली पुढची दोन वर्षं जातात.

टेम्सकाठ :
इंग्लंडमधली रचना सांगतो, तुलनेला बरी. तिथल्या माहिती स्वातंत्र्य अधिनियम, २००० चं कलम ५४ : माहिती आयुक्तांच्या निर्णय-सूचनेचं पालन झालं नाही तर आयुक्त तसं लेखी प्रमाणित करून उच्च न्यायालयाला कळवू शकतात. मग न्यायालय चौकशी करून त्या प्राधिकरणाने न्यायालयाचाच अवमान केला असं समजून कारवाई करू शकतं. शिक्षा न्यायालय देतं, आयुक्त फक्त दार ठोठावतात.

अपील ऐकणाऱ्या प्रथम स्तर न्यायाधिकरणालाही स्वतः शिक्षा देता येत नाही. त्याच्यासमोरच्या कार्यवाहीच्या संदर्भात असं काही घडलं, जे न्यायालयासमोर घडलं असतं तर अवमान ठरलं असतं, तर कलम ६१ खाली ते वरिष्ठ न्यायाधिकरणाकडे प्रमाणित करून पाठवतं. वरिष्ठ न्यायाधिकरणाला २००७ च्या न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २५ ने अशा बाबतीत उच्च न्यायालयाचे अधिकार आहेत. 'पाठवू शकतं' यातला 'शकतं' महत्त्वाचा. पाठवायचं की नाही हा त्यांचा विवेक, आणि अवमान सिद्ध करायचा तो फौजदारी कसोटीवर, वाजवी शंकेपलीकडे. उशिरा का होईना कागद दिले की प्रकरण बहुधा तिथेच थंडावतं. तरी सांगाडा आपल्यापेक्षा बरा, कारण आयोग ते न्यायालय हा पूल कायद्यातच बांधलेला आहे.

उलटतपासणी :
हेच आपल्याकडे नाही. आपला पूल अर्जदाराने स्वतःच्या खिशातून बांधायचा, त्याचं नाव संविधानाचा अनुच्छेद २२६, म्हणजे उच्च न्यायालयात रिट याचिका.

कलमदान :
बरोबर, तर तो शेवटचा टप्पा. आयोगाचा आदेश राबवून घेण्यासाठी उच्च न्यायालयात रिट याचिका, प्रार्थना परमादेशाची, म्हणजे कायद्याने बंधनकारक काम करायला लावणाऱ्या हुकमाची : 'दि. अमुकच्या आदेशाचं अमुक दिवसांत पालन करा.' प्रतिवादी म्हणून माहिती अधिकारी, कार्यालयप्रमुख आणि राज्य शासन. आयोगाविरुद्ध गाऱ्हाणं नसेल तर त्याच्याविरुद्ध कसलाही दिलासा मागू नका. याचिकेत आदेश चूक की बरोबर ही चर्चा टाळा. तुमची भूमिका एवढीच : आदेश बंधनकारक आहे, त्याला कुणी आव्हान दिलेलं नाही, स्थगिती नाही, मुदत संपली. आयोगाकडे अनुपालनाचा अर्ज केल्याची पोच जोडा, नाहीतर 'आधी तिकडे जा' हे पहिल्याच तारखेला ऐकावं लागतं.

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यासाठी पर्वरी, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच. वकिलाशिवाय स्वतः बाजू मांडायची असेल तर आधी निबंधक कार्यालयातल्या समितीची पायरी चढावी लागते, तो वेळ धरून चाला.

उच्च न्यायालयाने 'चार आठवड्यांत द्या' म्हटलं आणि तेही मोडलं, की आता खरा अवमान. अनुच्छेद २१५ (उच्च न्यायालयाचा स्वतःच्या अवमानाबद्दल शिक्षा देण्याचा अधिकार) आणि १९७१ चा अधिनियम दोन्ही लागू. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रक्कम कलम २० च्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, तरी अधिकारी याला घाबरतो, कारण जातीने उभं राहावं लागतं आणि माफीनामा स्वतःच्या सहीने द्यावा लागतो.

इथेही शब्दांचीच लढाई. अवमानाच्या कार्यवाहीत न्यायालय मूळ आदेशाच्या चार कोपऱ्यांबाहेर जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सुधीर वासुदेव प्रकरणात २०१४ मध्ये पुन्हा सांगितलं. आयोगाचा आदेश मोघम असेल तर रिटचा आदेश मोघम होतो आणि अवमान याचिका तिथेच संपते. शिवाय मोडणं 'बुद्धिपुरस्सर' असावं लागतं. अधिकारी बदलून गेला असेल, उच्च न्यायालयाच्या आदेशाची प्रत त्याला मिळाल्याची पोच नसेल, तर ते सिद्ध होत नाही. म्हणून नवा अधिकारी आला की नवी प्रत, नवी पोच.

वऱ्हाडी_ठेचा :
एक उलटा प्रश्न. एका सुनावणीत आयुक्त अर्जदाराला म्हणाले, 'आवाज चढवलात तर अवमानाची कारवाई करीन.' करू शकतात?

उलटतपासणी :
अवमानाची नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २६७, म्हणजे जुनं भादंवि २२८, न्यायिक कार्यवाहीत बसलेल्या लोकसेवकाचा हेतुतः अपमान किंवा कामात व्यत्यय याबद्दल आहे. मानवी हक्क आयोगाच्या १९९३ च्या कायद्यात त्यांची कार्यवाही 'न्यायिक कार्यवाही' मानली जाईल असं कलम १३(५) मध्ये लिहिलेलं आहे. माहिती अधिकार अधिनियमात तसं मानीव कलम नाही, त्यामुळे २६७ लावायलाही युक्तिवाद करावा लागेल. आयुक्त सुनावणी तहकूब करू शकतात, रोजनाम्यात नोंद घेऊ शकतात, खरोखर धमकी किंवा धक्काबुक्की झाली तर पोलिसांत तक्रार देऊ शकतात. आयोगाच्या निर्णयावर बाहेर टीका केली म्हणून अवमानाची नोटीस, किंवा 'यापुढे या व्यक्तीचे अर्ज घेऊ नयेत' असा हुकूम, याला कायद्यात आधार नाही. आवाज मात्र चढवू नकाच, रोजनाम्यातली ती एक नोंद पुढे रिटमध्ये सरकारी वकील वाचून दाखवतो.

निशिगंधा :
आणि न्याय संहितेचं कलम २२३, लोकसेवकाचा आदेश मोडल्याबद्दल? ते अर्जदाराला वापरता येईल?

उलटतपासणी :
थेट नाही. त्याची दखल घ्यायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ प्रमाणे ज्या लोकसेवकाचा आदेश मोडला त्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते. म्हणजे आयुक्तांनीच तक्रार करायला हवी. शिवाय २२३ मध्ये नुसती अवज्ञा पुरत नाही, तिच्यातून अडथळा, इजा वगैरे परिणाम दाखवावा लागतो. पोलीस ठाण्यात हे कलम घेऊन गेलात तर नुसता अर्ज ठेवून घेऊन परत पाठवतील, तेही मूड चांगला असेल तर.

बारनिशी :
मग तो फिरणारा मसुदा?

कलमदान :
पाठवू नका. पाठवणाऱ्याला कायदा माहीत नाही हे कार्यालयाला कळतं, आणि विधी शाखेचा कारकूनही त्यावर 'सदर अधिनियम लागू होत नाही' असं एका ओळीत लिहून मोकळा होतो. त्याच कागदावर आदेशाचा क्रमांक, बाकी मुद्दे, १९(७), १९(८)(अ) आणि २०(१) लिहा. शेवटी एवढंच : 'मुदतीत पालन न झाल्यास अनुच्छेद २२६ खाली दाद मागण्यात येईल व त्याचा खर्च संबंधितांकडून मागण्यात येईल.'

निशिगंधा :
शेवटचं एक. रिटच्या आदेशानंतर अवमान याचिकेला मुदत किती?

कलमदान :
एक वर्ष, १९७१ च्या अधिनियमाचं कलम २०. मोजायचं ते आदेशाच्या तारखेपासून नाही, अवमान घडला त्या दिवसापासून. चार आठवड्यांची मुदत ज्या दिवशी संपली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या पल्लव शेठ निकालाप्रमाणे वर्षाच्या आत याचिका दाखल झालेली पुरते, न्यायालयाने दखल नंतर घेतली तरी चालतं. अधूनमधून स्मरणपत्रं पाठवून मुदत वाढत नाही. कार्यालयाकडून 'कार्यवाही सुरू आहे' अशी उत्तरं येत राहतात आणि अकरावा महिना उजाडतो, तेव्हा कॅलेंडरवर खूण आजच करून ठेवा.